बिनविरोध : इंग्लंडच्या खेड्यांतील न झालेल्या निवडणुका

(येथील वाचनालयाच्या व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



'बिनविरोध' हा शब्द आपल्या कानाला गोड लागतो. अमुक गावची निवडणूक बिनविरोध पार पडली असे वर्तमानपत्रात वाचले की गावात एकोपा आहे, भावकीची भांडणे मिटली, पैसा वाचला, असे आपण मनाशी म्हणतो आणि त्या गावाचे कौतुक करून पुढच्या बातमीकडे वळतो. आजचे आमचे भाषण या गोड शब्दाविषयीच आहे. मात्र त्यासाठी आपणांस थोडा वेळ सातासमुद्रापलीकडे, इंग्लंडच्या खेड्यांत यावे लागेल. ज्या देशाच्या पार्लमेंटची उदाहरणे आपले पुढारी शतकभर देत आले, त्याच देशात गावपातळीवरच्या बहुतेक निवडणुका आज होतच नाहीत. उमेदवार जागांपेक्षा अधिक नसतात. पुष्कळदा जागांइतकेही नसतात. मतपेटी उघडत नाही, मत पडत नाही, आणि तरीही कौन्सिल बनते व कर बसवते. हे कसे घडते, आणि त्यात कोणाचे काय जाते, एवढेच आज पाहावयाचे आहे.

पॅरिश म्हणजे मूळचा चर्चचा मुलूख. एका देवळाभोवतीची वस्ती ती एक पॅरिश. तिचा कारभार शतकानुशतके 'व्हेस्ट्री' नावाच्या सभेकडे होता. आणि व्हेस्ट्री म्हणजे व्यवहारात गावचा जमीनदार, धर्मोपदेशक आणि दोनचार मोठे शेतकरी. मजुराने तेथे तोंड उघडावे अशी प्राज्ञा नव्हती. ज्याची झोपडी, ज्याची मजुरी, त्याच्याच पुढे बोलायचे कसे? शेतमजुरांचा पुढारी जोसेफ आर्च याने १८७२ साली त्यांची संघटना उभी केली. १८८४ च्या कायद्याने खेड्यातील पुष्कळ मजुरांना पार्लमेंटसाठी मत मिळाले, आणि पुढच्याच वर्षी आर्च स्वतः पार्लमेंटात जाऊन बसला. पण लंडनला प्रतिनिधी पाठवता येतो आणि गावच्या विहिरीविषयी मात्र बोलता येत नाही, ही विसंगती उरली होती. ती दूर करण्यासाठी १८९४ चा स्थानिक स्वराज्याचा कायदा झाला. हेन्री फाउलर या मंत्र्याने तो पार्लमेंटातून नेला. लॉर्डांच्या सभेने त्यात इतक्या दुरुस्त्या घुसडल्या की चौऱ्याऐंशी वर्षांच्या ग्लॅडस्टनने १ मार्च १८९४ रोजी कॉमन्स सभेतील आपले अखेरचे भाषण याच विधेयकावर केले, त्या दुरुस्त्या नाइलाजाने स्वीकारल्या आणि लॉर्डांना खडसावून तो राजकारणातून निवृत्त झाला. साठ वर्षांहून अधिक काळ पार्लमेंट गाजवलेल्या पुरुषाचे शेवटचे शब्द खेड्यातल्या पंचायतीसाठी खर्ची पडले, ही गोष्ट आम्हांला मोठी अर्थपूर्ण वाटते.

या कायद्याने तीनशे किंवा अधिक वस्तीच्या ग्रामीण पॅरिशला निवडलेली कौन्सिल मिळाली. लहान गावांत सर्व मतदारांची सभा, म्हणजे आपल्या ग्रामसभेसारखीच संस्था, ठेवण्यात आली. स्त्रियांना, विवाहित स्त्रियांनासुद्धा, मत देता आले आणि उभेही राहता आले. लक्षात घ्या, पार्लमेंटचे मत त्यांना मिळायला अजून चोवीस वर्षे लागायची होती. मजुरांना भाजीपाल्यासाठी जमिनीचे तुकडे मिळवून देण्याचा अधिकार कौन्सिलला आला. डिसेंबर १८९४ मध्ये पहिल्या निवडणुका झाल्या.

त्या निवडणुकांची एक बारीकशी गोष्ट आजच्या विषयाशी फार जवळची आहे. पॅरिशच्या सभेत उमेदवारांची नावे वाचायची आणि मतदारांनी हात वर करायचे, अशी पहिली रीत होती. समोर खुर्चीवर मालक बसलेला. मजुराने कोणासाठी हात वर केला हे त्याला दिसणार. म्हणून कायद्याने सोय ठेवली की सभेतील मतदाराने मागणी केली तर हात मोजणे बाजूला ठेवून रीतसर मतदान घ्यावे. पार्लमेंटच्या निवडणुकीत गुप्त मतदान १८७२ पासून होते. खेड्याला मात्र ते मागून घ्यावे लागे. उघड्या सभेतील एकमत आणि मनातील मत ही दोन वेगळी असू शकतात, एवढे त्या कायदा करणाऱ्यांना पक्के ठाऊक होते. हात वर करण्याची ती रीत कधीच बंद झाली. तिच्यामागचा प्रश्न मात्र बंद झालेला नाही.

आता आजची व्यवस्था पाहू. १९७२ च्या कायद्याने इंग्लंडातील जिल्ह्यांची सारी घडी बदलली, १९७४ साली जुनी ग्रामीण जिल्हा-कौन्सिले गेली. पण पॅरिश टिकली. आज इंग्लंडात लहान गावांच्या आणि कसब्यांच्या मिळून सुमारे १०,००० कौन्सिले आहेत आणि त्यांवर सुमारे १,००,००० सभासदांच्या जागा आहेत. कौन्सिलात कमीत कमी पाच सभासद हवेत. आपल्याकडे पाचामुखी परमेश्वर म्हणतात. तेथील कायद्यानेही पाचांवरच गाडी आणून ठेवली, हा योगायोग गमतीचा खरा. मुदत चार वर्षांची. मे महिन्याच्या पहिल्या गुरुवारी मतदान. उमेदवारी अर्जावर गावच्याच एका मतदाराची सूचना आणि एकाचे अनुमोदन, बस्स. अनामत रक्कम एक पेनीही नाही. पक्षाचे तिकीट लागत नाही. म्हणजे उभे राहण्याच्या वाटेत कायद्याने एक खडाही ठेवलेला नाही. आणि तरी वाट ओस पडली आहे.

अर्ज जागांइतके किंवा कमी आले तर मतदान होत नाही. जे आले ते 'निवडून आले' असे जाहीर होते. रिकाम्या राहिलेल्या जागांचे काय? कौन्सिलच्या कोरमपुरते सभासद आले असतील, म्हणजे एकतृतीयांश आणि कोणत्याही परिस्थितीत तीन, तर ते उरलेल्या जागा आपल्या पसंतीने भरू शकतात. सुट्या वगळून पस्तीस दिवसांची मुदत त्यासाठी आहे. आपल्या नगरपालिकांत 'स्वीकृत' सभासद असतात तसेच हे. पण एक मोठा फरक आहे, तिकडे आपले लक्ष वेधतो. आपल्या राज्यघटनेने नगरपालिकेच्या स्वीकृत सभासदाला सभेत बसण्याचा हक्क दिला, मताचा दिला नाही. इंग्लंडच्या पॅरिशमध्ये स्वीकृत सभासद निवडलेल्याच्या बरोबरीने मत देतो. तो कर बसवण्याच्या बाजूने हात वर करतो आणि पुढच्या रिकाम्या जागेवर कोणाला घ्यायचे हेही ठरवतो.

मधेच एखादा सभासद वारला किंवा त्याने राजीनामा दिला तर गावच्या पाटीवर नोटीस लागते. सुट्या सोडून चौदा दिवसांत दहा मतदारांनी लेखी मागणी केली तर पोटनिवडणूक. नाही केली तर पुन्हा कौन्सिलची पसंती. दहाच सह्या! पण त्या दहा सह्या करणारे लोक नोटीस वाचायला पाटीसमोर उभे राहावे लागतात.

समजुतीसाठी आपण एक काल्पनिक गाव घेऊ. सात जागा आहेत. मे महिन्यात अर्ज आले चार; चौघे बिनविरोध निवडून आले. त्यांनी तिघांना घेतले. सात पूर्ण झाले. वर्षभरात त्या चौघांपैकी एक गाव सोडून गेला, दुसऱ्याला प्रकृतीमुळे जमेना. दहा सह्या झाल्या नाहीत, म्हणून आणखी दोघे स्वीकृत झाले. आता सातांपैकी पाचांचे नाव कोणत्याही निवडणुकीच्या कागदावर कधी आलेलेच नाही, आणि उरलेल्या दोघांनाही कोणी मत दिलेले नाही. सात माणसे, शून्य मते. यात कोणीही लबाडी केली नाही, कायद्याचे एक कलम मोडले नाही. कदाचित सातही जण सज्जन आणि कष्टाळू असतील. पण गावाने त्यांना निवडले, हे वाक्य मात्र खरे राहिले नाही. असे प्रत्येक गावात घडते असे आमचे म्हणणे नाही. पण कायदा यासाठी दार उघडे ठेवतो आणि त्या दारातून जाणे सोपे आहे, एवढे निश्चित.

कोणी म्हणेल, बसथांब्याचे छप्पर, दफनभूमी, मुलांचे क्रीडांगण, पायवाटा आणि रस्त्यावरचे चार दिवे. एवढ्या कामासाठी निवडणुकीचा आटापिटा कशाला? पूर्वी या म्हणण्यात पुष्कळ तथ्य होते. आज तितके नाही. पॅरिश कौन्सिल आपल्याला लागणारी रक्कम वरच्या कौन्सिलला कळवते आणि ती रक्कम घरपट्टीसारख्या करात मिळवून गावाकडून वसूल होते. वरच्या कौन्सिलांनी सरकारने आखलेल्या मर्यादेपलीकडे कर वाढवायचा ठरवला तर २०११ च्या कायद्याप्रमाणे त्यांना लोकांचा कौल घ्यावा लागतो. पॅरिशना मात्र हे बंधन आजवर लावलेले नाही. म्हणजे जेथे मतदान सर्वांत क्वचित होते, तेथेच कराला वेसण नाही. रकमा बहुतेक ठिकाणी लहान असतात हे मान्य. पण तत्त्व लहान होत नाही.

त्याच २०११ च्या कायद्याने पॅरिशला गावचा विकास-आराखडा करण्याचा अधिकार दिला: नवी घरे कोठे व्हावीत, कोणते कुरण मोकळे राहावे, हे त्यात ठरते. आराखड्यावर अखेर गावाचे मतदान घ्यावे लागते, ही चांगली गोष्ट. आराखडा मंजूर असेल तर बांधकामावरील विकास-शुल्क जेथे घेतले जाते तेथे त्या शुल्काचा चौथा हिस्सा पॅरिशला मिळतो. नसेल तर पंधरा टक्के, आणि त्यावरही मर्यादा. वरच्या कौन्सिलांना पैशाची ओढाताण झाली तसतशी बागा, स्वच्छतागृहे, बाजारपेठेची देखभाल अशी कामे पुष्कळ ठिकाणी पॅरिशकडे आली. गाडीवरचा बोजा वाढला, बैल मात्र कमी झाले.

कायदा करणाऱ्यांनाही ही अडचण मनात बोचत असावी. कारण २०१२ च्या एका आदेशात त्यांनी एक अट घातली. सामान्य व्यक्तीला जे जे कायद्याने करता येते ते ते करण्याचा व्यापक अधिकार पॅरिश कौन्सिलला घेता येतो. परंतु त्यासाठी तिचा चिटणीस परीक्षा उत्तीर्ण झालेला हवा आणि तिचे दोनतृतीयांश सभासद निवडून आलेले हवेत, स्वीकृत चालणार नाहीत. आमच्या काल्पनिक गावात सातांपैकी चारच निवडलेले होते, पाच लागतात, म्हणून त्या गावाला हा अधिकार पहिल्याच दिवशी मिळाला नसता. येथपर्यंत ठीक. पण बिनविरोध आलेला सभासद मात्र या हिशेबात 'निवडून आलेला' धरला जातो. स्वीकृत आणि निवडलेला यांत रेघ ओढली. निवडलेला आणि आपोआप आलेला यांत ओढली नाही. आमच्या मते येथे कायद्याची लेखणी जरा लवकर थांबली. अर्थात बिनविरोध आलेल्याने निदान अर्ज भरला, गावापुढे नाव ठेवले, कोणाला विरोध करायचा असता तर करता आला असता. स्वीकृताच्या बाबतीत तेवढेही नाही. हा फरक खोटा नाही. पण मते पडून आलेल्याची बरोबरी त्याने होत नाही.

लोक उभे का राहत नाहीत? याची कारणे एका दमात सांगता येणार नाहीत. काम बिनपगारी, सभा संध्याकाळच्या, आणि शिव्या फुकटच्या. २०११ पासून सभासदाला आपले आणि आपल्या जोडीदाराचे जमीन-धंद्यातील हितसंबंध नोंदवहीत लिहून द्यावे लागतात. जाणूनबुजून लपवले तर तो गुन्हा. ही अट योग्यच आहे, पण भिडस्त माणूस तिला बिचकतो. अनेक खेडी आता दिवसभर रिकामी असतात. तरुण शहरात कामाला, घरे परवडत नाहीत म्हणून पुष्कळदा राहायलाही तिकडेच. मागे उरतात ते निवृत्त लोक. आणि ज्यांना कामाची हौस असते त्यांना वाटते की या कौन्सिलच्या हाती काहीच नाही. ज्यांना असे वाटते ते उभे राहत नाहीत. उभे राहत नाहीत म्हणून कौन्सिल निस्तेज होते. आणि निस्तेज कौन्सिल पाहून पुढच्यांना पुन्हा तेच वाटते.

आणखी एक कारण आहे. ते कोणी मोठ्याने बोलत नाही, पण ते आपल्याला लगेच ओळखू येईल. मतदान घ्यावे लागले तर त्याचा खर्च वरची कौन्सिल पॅरिशकडून वसूल करू शकते. लहान गावाच्या वार्षिक अंदाजपत्रकात हा आकडा डोळ्यांत भरण्याजोगा असतो. मग सात जागांना आठ अर्ज आले की कुजबुज सुरू होते: एकासाठी एवढा खर्च? आठव्याला कोणी धमकी देत नाही, आमिष दाखवत नाही. फक्त चहाच्या टेबलावर हसून म्हणते की आपण थोडे थांबलात तर बरे, पुढे जागा निघेलच. आठवा माणूस शिष्ट असतो. तो अर्ज मागे घेतो. इंग्लंडात याला सभ्यता म्हणतात. आम्ही त्या सभ्यतेला नावे ठेवत नाही, परंतु त्या आठव्या माणसाच्या मनात जे प्रश्न होते ते गावापुढे आलेच नाहीत, एवढे नमूद करून ठेवतो.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. बिनविरोधाचे समर्थक म्हणतात, चारशे वस्तीच्या गावात प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो. तेथे निवडणूक म्हणजे शेजाऱ्याविरुद्ध शेजारी. हरलेला माणूस दुसऱ्या दिवशी त्याच दुकानात भेटायचा असतो. शिवाय कौन्सिलच्या सभा सर्वांना खुल्या; वर्षातून एकदा, मार्च ते जून यांच्या दरम्यान, सर्व मतदारांची सभा घ्यावीच लागते; ज्याला काही विचारायचे असेल त्याने तेथे यावे. हे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. गावासाठी वर्षानुवर्षे विनामोबदला राबणाऱ्या माणसांना 'तुम्हांला कोणी निवडले?' असे विचारणे कृतघ्नपणाचे वाटते. पण सभेत येऊन प्रश्न विचारणारा माणूस फार तर उत्तर मागू शकतो; उत्तर न देणाऱ्याला घरी पाठवू शकत नाही. मताचा उपयोग त्यासाठी आहे. आणि शेजाऱ्याविरुद्ध शेजारी म्हणाल, तर निवडणूक न झाल्याने तंटे संपतात असे थोडेच आहे? डिसेंबर २०२० मध्ये चेशायर परगण्यातील हँडफर्थ येथील कौन्सिलची दूरदृश्य सभा झाली. सभासदांची एवढी खडाजंगी झाली की सभा चालवायला बोलावलेल्या जॅकी वीव्हर या बाईंनी एकामागून एक सभासदांना पडद्यावरून काढून टाकले. फेब्रुवारी २०२१ मध्ये ते चित्रण जगभर पाहिले गेले आणि लोक पोट धरून हसले. पॅरिश कौन्सिल नावाची वस्तू आपल्या देशात अजून नांदते, हे काही इंग्रजांनाही त्याच दिवशी कळले असावे.

याच्या उलट उदाहरण सॉमरसेटमधील फ्रूमचे. हे खेडे नव्हे, बाजाराचे गाव; पण त्याची कौन्सिल याच वर्गातली. २०११ साली तेथील काही नागरिक कोणत्याही राजकीय पक्षाचा झेंडा न घेता एकत्र आले आणि सतरापैकी दहा जागा त्यांनी जिंकल्या. २०१५ साली सतराच्या सतरा. एकाच गटाला सगळ्या जागा मिळाल्या म्हणजे सभागृहात विरोध उरला नाही, ही शंका आमच्याही मनात येते. परंतु ती माणसे मते घेऊन आली होती, आणि मते घेऊन परतही पाठवता आली असती. गाव लहान, लोकांना रस नाही, या सबबी फ्रूमच्या लोकांनाही सांगता आल्या असत्या.

आता आपण घरी येऊ. ज्या श्रोत्यांनी 'खेडे हा घटक' हे शब्द जन्मभर ऐकले, त्यांना गावाच्या मताची किंमत आम्ही सांगायला नको. गाव हा घटक मानायचा म्हणजे गावाचे मत कोठेतरी मोजले गेले पाहिजे. आणि उमेदवारीच्या बाबतीत हा मुलूख इंग्लंडच्या अगदी दुसऱ्या टोकाला गेलेला आहे! १९९६ च्या लोकसभा निवडणुकीत सीमाप्रश्नाकडे देशाचे लक्ष वेधण्यासाठी बेळगाव मतदारसंघात उमेदवारांची रीघ लागली आणि आकडा ४५६ वर गेला. त्याच वर्षी कायदा बदलला. लोकसभेची अनामत ५०० रुपयांवरून १०,००० रुपये झाली. तेथे अनामत नाही आणि उमेदवार नाही. येथे उमेदवार इतके की अनामत वाढवावी लागली.

पण ग्रामपंचायतीत आपल्याकडेही बिनविरोधाचे पीक चांगले येते, आणि त्याची मुळे इंग्लंडपेक्षा वेगळी आहेत. तेथे कोणी येत नाही म्हणून बिनविरोध. येथे पुष्कळदा कोणाला येऊ दिले जात नाही म्हणून. गुजरातेत २००१ साली 'समरस' योजना निघाली. एकमताने पंचायत निवडणाऱ्या गावाला सरकारी बक्षीस. जानेवारी २०२१ च्या निवडणुकांच्या वेळी महाराष्ट्रात काही लोकप्रतिनिधींनी बिनविरोध गावांना विकासनिधी देऊ केला. हेतू चांगला असेल. परंतु ज्याला उभे राहायचे आहे त्याच्याकडे सारे गाव 'याच्यामुळे आपले पैसे गेले' म्हणून पाहू लागते. इंग्लंडात चहाच्या टेबलावर जे हसून सांगतात, ते येथे सरकारी तिजोरी सांगते. त्याच महिन्यात नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या दोन गावांत गावच्या पदांचा जाहीर लिलाव झाल्याचे उघडकीस आले, आणि राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही ठिकाणची निवडणूक रद्द केली. कर्नाटकातही डिसेंबर २०२० च्या ग्रामपंचायत निवडणुकीत अशा लिलावांच्या तक्रारी झाल्या. लिलावाचा पैसा देवळासाठी, असे सांगण्यात येते. देवळाला पैसा मिळतो, पण ज्याच्या खिशात पैसा नाही त्याची जागा देवाच्या नावाने विकली जाते. त्या गावांचा निकालही कागदोपत्री 'बिनविरोध'च लागला असता.

म्हणून आमचे म्हणणे असे की 'बिनविरोध' हा शब्द काहीच सांगत नाही. तो समाधानी गावालाही लागतो, कंटाळलेल्या गावालाही आणि दबलेल्या गावालाही. मौन कशाचे आहे हे बाहेरून ओळखता येत नाही. ते ओळखण्याचे साधन मतपेटी, आणि तीच उघडलेली नसते.

समाधानी गावे नसतात असे आम्ही म्हणत नाही. हिवरे बाजारचे उदाहरण आपणां सर्वांच्या तोंडी आहे. १९८९ साली पोपटराव पवार तेथे सरपंच झाले. पाणलोटाच्या कामाने त्या दुष्काळी गावाचा कायापालट झाला. तीस वर्षे तेथे निवडणूक बिनविरोध होत राहिली. त्या बिनविरोधामागे काम होते, हे कोणीही नाकारणार नाही. जानेवारी २०२१ मध्ये मात्र तेथे विरोधी उमेदवार उभे राहिले. आदर्श गावात फूट पडली म्हणून हळहळणारे पुष्कळ निघाले. मतदान झाले, मोजणी झाली, आणि पवारांच्या बाजूचे सातही उमेदवार निवडून आले. गाव उद्ध्वस्त झाले नाही. तीस वर्षे जी गोष्ट सर्वांना ठाऊक आहे असे समजले जात होते, ती त्या दिवशी प्रथम मोजली गेली. विरोधात उभे राहणाऱ्यांनी हरूनही गावाला आणि पवारांनाही काही दिले, असे आम्हांला वाटते. पण त्यांचे आभार मानल्याचे आमच्या वाचनात आले नाही.

इंग्लंडच्या बहुसंख्य पॅरिशमध्ये मागच्या सार्वत्रिक निवडणुकीचा फेरा २०२३ च्या मे महिन्यात झाला. फेरा आला की गावाच्या पाटीवर उमेदवारीची नोटीस लागते. एक सूचक, एक अनुमोदक, अनामत नाही. तेथील आमच्या कोणा नातलगाला, आणि आपल्यापैकी पुष्कळांची मुले आज त्या देशात स्थायिक आहेत, त्या पाटीपुढे उभे राहायची वेळ आली तर त्याने ती वाचावी. राष्ट्रकुलातील देशांच्या नागरिकांना, म्हणजे भारतीयांनाही, तेथे कायदेशीर वास्तव्य असल्यास स्थानिक निवडणुकीत मत देता येते आणि राहण्याविषयीच्या अटी पुऱ्या होत असतील तर उभेही राहता येते.

श्रोत्यांना प्रश्न विचारण्यास अवसर मिळावा म्हणून आम्ही येथेच थांबतो.